रानाच्या वरनं वाहणारी नदी

इटलीच्या लढाईबद्दल आबा, म्हणजे आमचे आजोबा, जे सांगायचे त्यात गोळीबार जवळजवळ नसायचाच. चिखल असायचा, खेचरं असायची, खांद्यावरची ओझी असायची. आम्ही पोरं ‘तुम्ही किती जर्मन मारले?’ असं विचारून भंडावून सोडायचो आणि आबा भलतंच काहीतरी सांगत बसायचे. ‘तितं द्राक्षाच्या येली झाडावर चढवत्यात.’ ‘माती अशी चिकाट, पाय उचलला की बूट खालीच.’ आणि सगळ्यांत अचाट म्हणजे, ‘तितं नदी रानाच्या वरनं व्हाती.’

खटाव तालुक्यातल्या माणसाला हे पटायचं कसं? आमची येरळा वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू असते, आणि पाणी आलंच तर ते खाली, पात्रात. नदी शेताच्या वर असते हे ऐकून पारावरची मंडळी एकमेकांकडे बघून हसायची. आबांची ही नदी गावाने केव्हाच थापांच्या खात्यात जमा करून टाकली होती.

आबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे ‘जंगी पलटणी’चे शिपाई. बेळगावात तयार झाले, आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेवर, तारांतोला उतरले आणि मग दीड वर्षाहून जास्त काळ उत्तरेकडे सरकत राहिले. इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. पन्नास हजारांवर भारतीय सैनिक तिथे गेले, त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. आबा परत आले, म्हणून आम्ही आहोत.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची जमीन माझा थोरला भाऊ कसतो. इटलीला जायचं माझ्या डोक्यात होतं, पण दादा तयार होईल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, ‘लढाई बघायला मी येत नाही. ती नदी मात्र बघायचीय.’

फ्लॉरेन्सला उतरून आम्ही गाडी भाड्याने घेतली. शहराच्या नैर्ऋत्येला, मोंतेस्पेर्तोलीच्या बाजूला टेकड्यांमध्ये मोंतेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. वाडा कसला, गढीच. उंच बुरूज, आत चौक, चौकाभोवती दगडी जिने आणि चारी बाजूंनी द्राक्ष-ऑलिव्हच्या बागा. आता तिथे लोक सुट्टीला येऊन राहतात, लग्नं करतात. आम्ही गेलो तेव्हाही कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या मांडणं चाललं होतं.

१९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या दिशेने सरकताना पहिली मराठा बटालियन या वाड्यात येऊन पोचली. युद्धाची हकीकत लिहायला आलेला स्कॉटिश कादंबरीकार एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचा बातमीदार विनफर्ड व्हॉन-टॉमस हे दोघे तिथे मराठ्यांना भेटायला गेले. वाड्याच्या दालनांत डोकावले तर भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं, एकामागे एक. बाँबपासून वाचावीत म्हणून फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतून हलवलेली ती चित्रं होती, आणि त्यांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ होतं. पुढ्यात जर्मन तोफा आणि आत युरोपच्या चित्रकलेचा ठेवा, अशा वाड्यात सातारा-रत्नागिरीकडचे शिपाई बिऱ्हाड करून होते.

आबांच्या तोंडी यातलं एकही नाव नव्हतं. ते सांगायचे ते एवढंच : ‘एका वाड्यात दारायवढाली चितरं हुती. सायबानं पहारा लावला. टेकायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, आत चूल पेटवायची न्हाई. एका चितरात संत्र्याची बाग हुती. झाडाला फळं बी आन फुलं बी. खाली गवतात फुलंच फुलं. बाया नाचत्यात.’ त्या बायांच्या अंगावरच्या विरविरीत वस्त्रांबद्दल बोलायची वेळ आली की ते तपकिरीची डबी शोधायला लागायचे.

दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयाच्या रांगेत उभं राहून आम्ही ते चित्र बघितलं. लाकडी फळ्यांवर काढलेलं, रुंदीला तीन मीटरहून थोडं जास्त, उंचीला दोन मीटर. समोर माणसांची ही गर्दी. सगळ्यांची नजर मधल्या देवीवर आणि डावीकडे फेर धरलेल्या तिघींवर. दादा मान वर करून झाडं बघत होता. काळपट पानांत गोल नारिंगी फळं आणि त्यांच्याच शेजारी पांढरे कळे. ‘संत्र्याला एकाच वेळी फळ आणि बहार असतो,’ तो म्हणाला. ‘काढणाऱ्याने झाड बघून काढलंय.’ पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला खटावच्या शेतकऱ्याने दिलेली ही पावती. आणि आबांनी पहाऱ्यावर असताना, बंदूक खांद्याला लावून, नेमकं हेच टिपलं होतं.

तिथून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. आबा युद्ध टाळून गप्पा मारायचे असं घरात सगळेच म्हणत. पण ते टाळत नव्हते. शेतकरी दुसऱ्याच्या गावाला गेला की घरं बघत नाही, शिवार बघतो. आबांनी सगळी लढाई तशी पाहिली होती. चढ किती, ओल किती, पाणी कुठून येतं, काय पिकतं. शिपाई जगतो किंवा मरतो तो याच गोष्टींवर, हे मला पुढे सेनिओ नदीवर कळायचं होतं.

फ्लॉरेन्सहून आम्ही आग्नेयेला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात उतरलो. खोरं सुपीक, सपाट आणि तंबाखूच्या मळ्यांनी भरलेलं. त्याच्या कडेला एका टेकडीवर मोंतोने हे तटबंदीचं चिमुकलं गाव आहे. अरुंद दगडी गल्ल्या, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, दुपारी दोन वाजता चिटपाखरू नाही. या गावाने नाईक यशवंत घाडगे यांची आठवण जपली आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. ते पुतळा नाही की स्तंभ नाही, सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यासोबत आहे.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, तिसऱ्या मराठा बटालियनचे. १० जुलै १९४४ ला या खोऱ्यात त्यांची तुकडी अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतलं सगळं माणूस मेलं किंवा जखमी झालं. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँबने मशिनगन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला टॉमीगनने उडवलं; मॅगझिन बदलायला उसंत नव्हती तेव्हा नळीकडून बंदूक धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा. इटलीच्या मोहिमेत दिले गेलेले व्हिक्टोरिया क्रॉस वीस, त्यातले सहा भारतीय सैनिकांचे, आणि त्या सहांत दोघे मराठा पलटणीचे.

त्या घड्याळापाशी उभं राहून खाली बघितलं की मशिनगनचं गणित कळतं. दरी उघडी, वरून सगळं दिसणारं. वरच्याला फक्त वाट बघायची आणि खालच्याला चढायचं. इटलीची मोहीम सगळी अशीच होती : डोंगर जिंकायचा, पलीकडे उतरायचं, समोर नदी, नदीपलीकडे पुन्हा डोंगर.

अपेनाइन पर्वताच्या वळणावळणाच्या रस्त्याने पलीकडे जाताना आमचा जुना वाद पुन्हा निघाला. आबा इंग्रजांसाठी का लढले? सप्टेंबर १९४२ मध्ये आमच्याच तालुक्यात वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. पुढच्या वर्षी नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल खिळखिळा करून टाकला. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगार नेणारी गाडी लुटली. आणि त्याच काळात आबांच्या पगारातल्या मनिऑर्डरी गावात येत होत्या. घरात थोरले आजोबा भूमिगतांना भाकरी पोचवत होते आणि धाकटा भाऊ सरकारी पलटणीत. आमच्या एकट्याच्या घरात असं होतं असं नाही. त्या पट्ट्यात कित्येक घरांच्या अशा दोन वाटा होत्या.

दादाला यात कोडं दिसत नाही. ‘दीड एकर सावकाराकडे गहाण होती,’ तो म्हणाला. ‘ती पलटणीच्या पैशावर सुटली. आज तिच्यात मी आलं लावतो.’ मला ते इतकं सरळ वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात पोचलेल्या भारतीय सैन्याला सगळ्यात मोठं स्वयंसेवी सैन्य म्हणतात. सक्तीची भरती नव्हती हे खरंच. पण गहाण जमीन आणि कोरडं रान या सक्तीला सरकारी कायदा लागत नाही. थोरल्या आजोबांनी मात्र भावाला कधी गद्दार म्हटलं नाही, आणि आबांनीही त्यांच्या भाकऱ्यांबद्दल पत्रात अवाक्षर काढलं नाही. पत्रं साहेब उघडून वाचतात हे दोघांनाही ठाऊक होतं. पाऊस झाला का, बैल कसा आहे, आईचा गुडघा. आमच्या घरातली युद्धकाळातली सगळी पत्रं एवढ्यावर संपतात.

फोर्लीला भारतीय सैन्याची स्वतंत्र दफनभूमी आहे. पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, गवत नुकतंच कापलेलं. दफन झालेल्यांत मुसलमान सैनिकांचे दगड बरेच. त्यांवर अरबी अक्षरं. हिंदू आणि शीख सैनिकांना त्यांच्या रीतीने अग्नी दिला गेला, त्यांच्यासाठी याच आवारात वेगळं स्मारक आहे आणि त्यावर साडेसातशेहून अधिक नावं कोरलेली आहेत. दादा बोट फिरवत वाचू लागला. जाधव, शिंदे, मोरे, पवार, कदम. आडनावं ओळखीची, पण इंग्रजी अक्षरांत इतकी वेडीवाकडी लिहिलेली की मोठ्याने म्हटल्याशिवाय ओळख पटेना. म्हणून आम्ही ती मोठ्यानेच म्हणत गेलो, गावच्या शाळेत हजेरी घेतात तशी. माळ्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

फोर्लीहून सपाटी सुरू होते. रोमान्याचं हे मैदान इतकं सपाट आहे की क्षितिजावर एखादा घंटाघराचा मनोरा दिसला की गाव आलं म्हणायचं. पीच, किवी, द्राक्षं, गहू, मधून काढलेले सरळ चर. बान्याकावाल्लो ओलांडून लुगोकडे निघालो आणि समोर शेतांच्या मधोमध एक लांबच लांब हिरवी भिंत आडवी आली. गवताने झाकलेला मातीचा बांध. घराच्या कौलांइतका उंच. गाडी पायथ्याशी लावली आणि चढायला लागलो. चढ उभा होता. दादा पुढे, मी गवताला धरत मागे.

वर पोचलो आणि दोघेही हसत सुटलो. पलीकडे, खालच्या बाजूला, दोन बांधांच्या मध्ये सेनिओ होती. एवढीशी! गढूळ, हिरवट, संथ. येरळेला भर पावसात जेवढं पाणी असतं त्याच्या निम्मंही नाही. मात्र मागे वळून रानाकडे बघितलं आणि हसू थांबलं. पीचची बाग खोल खाली दिसत होती, आणि या बांधाच्या आतला तळ तिच्या मानाने काही फार खाली नव्हता. पूर येऊन बांध तुडुंब भरले तर पाणी बागेच्या शेंड्यांच्या उंचीवरून वाहणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

खाली बागेत काम करणारा म्हातारा आमच्याकडे बघत होता. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने बोलणं सुरू झालं. डोंगरातून येणारा गाळ दर पुरात तळाशी बसतो, तळ वर येतो, म्हणून लोक बांध वाढवतात; पुन्हा गाळ, पुन्हा बांध. शतकानुशतकं हेच. म्हणून इथल्या नद्या रानाच्या वर चढून बसल्या आहेत. मे २०२३ मध्ये अतिवृष्टी झाली, सेनिओ फुटली आणि लुगो शहरातसुद्धा पाणी शिरलं. त्याने शेडच्या भिंतीवर पाण्याची खूण दाखवली, माझ्या खांद्याच्या वर. फुटलेलं पाणी नदीत परत जाऊ शकत नाही, कारण नदी वर आणि रान खाली. दादाने आबांचं वाक्य मला मराठीतच म्हणून दाखवलं. मी ते फोनमध्ये बोलले. म्हाताऱ्याने ऐकलं आणि ‘अर्थातच’ अशी मान हलवली, जणू नदी दुसरीकडे कुठे वाहते?

याच बांधांनी १९४४-४५ चा सगळा हिवाळा दोन्ही सैन्यं अडवून धरली. पाणी अडवायला उभी केलेली माती माणसं अडवायला कामी आली. पश्चिमेचा बांध जर्मनांकडे होताच. शिवाय पूर्वेच्या बांधाच्या आतल्या, म्हणजे नदीकडच्या उतारावरही त्यांनी बिळं खणून मशिनगनी बसवल्या होत्या. अलीकडच्या उताराला आपली माणसं, माथ्यापलीकडे काही पावलांवर ते. तोफेचा गोळा इतक्या जवळ टाकता येत नाही, म्हणून रात्रभर माथ्यावरून हातबाँब इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आबा म्हणायचे, ‘तेंचा खोकला ऐकू यायचा.’ बांधाची रुंदी पायांनी मोजल्यावर मला त्या वाक्यात तसूभरही अतिशयोक्ती दिसली नाही.

९ एप्रिल १९४५ ला दुपारपासून शेकडो बाँबफेकी विमानं या पट्ट्यावरून गेली, मग तोफा, मग आग ओकणाऱ्या गाड्या, आणि संध्याकाळी पायदळ. पहिल्या मराठा बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, कंपनीचे निरोपे होते. नदी ओलांडताना कंपनी कमांडरसह काही जण जखमी झाले, बाकीचे सोबती पडले. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, त्या उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं. मग एकटेच मशिनगनच्या मोर्चांवर गेले. पहिला टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकली आणि हातबाँबने आणखी दोन मोर्चे संपवले. मधेच बाँब संपले म्हणून माथ्यापर्यंत सरपटत येऊन पलीकडच्या सोबत्यांकडून ते घेऊन गेले. शेवटी तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उभे राहून मराठ्यांची आरोळी दिली आणि हात करून बाकीच्यांना बोलावून घेतलं. यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळी जवळच फुसिन्यानोपाशी फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दुसऱ्या दिवशी लुगो मुक्त झालं आणि महिना उलटायच्या आत, २ मे रोजी, इटलीतली लढाई संपली.

आबा दुसऱ्या कंपनीत होते. त्यांनी आरोळी ऐकली होती. ती कुणाची हे नंतर कळलं. जाधवांबद्दल ते फार आदराने बोलायचे, पण त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती ती वेगळीच. ‘माणूस पाठीवर घिऊन त्यो बांध चढला. दोनदा. माती भिजलेली.’ मोर्चे, बाँब, आरोळी यांचा उल्लेख त्यानंतर. मानपत्रात ज्या ओळीवरून डोळा सहज पुढे सरकतो ती आबांना सगळ्यात भारी वाटायची, कारण तो बांध ते स्वतः चढले होते. दादाने खाली उतरून मूठभर माती उचलली, थुंकी लावून मळली आणि बोटांत ताणून बघितली. ‘भिजल्यावर ही साबण आहे,’ तो म्हणाला. ‘मोकळ्या हातानेसुद्धा चढता येणार नाही.’

म्हाताऱ्याने मग आम्हाला बागेत बसवून पीच खायला घातले. आल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका, असं दोनदा बजावलं. झाडावर चढवलेल्या द्राक्षाच्या वेली कुठे दिसतात हे मी विचारलं. त्याच्या बापाच्या वेळेस सगळीकडे तशाच असायच्या, तो म्हणाला. आता यंत्रं आली, तारा आल्या, झाडं गेली. म्हणजे तीही थाप नव्हती. दादा आणि तो तोवर ठिबकच्या नळ्यांकडे वळले होते आणि भाषांतराची फारशी गरज उरली नव्हती.

गावात परतल्यावर दादाने बांधाचे फोटो पारावर दाखवले. आबांच्या वयाचं आता तिथे कुणी नाही, पण १९७१ च्या लढाईला गेलेले दोघे-तिघे आहेत, सत्तरी ओलांडलेले. पोरं त्यांना अजून तेच विचारतात जे आम्ही आबांना विचारायचो, आणि ते गप्प बसतात. मी हल्ली त्यांच्याकडे जाते आणि वेगळं विचारते. तिथलं पाणी किती खोल होतं? जमीन कसली होती? शेतात काय उभं होतं? परवा त्यातल्या एका काकांनी शकरगडच्या बाजूच्या रानाची माती सांगायला सुरुवात केली आणि तासाभराने ते आपोआप लढाईवर आले. कुणाच्या घरी असा म्हातारा माणूस असेल तर त्याला मारलेली माणसं मोजायला लावू नका. आधी शिवार विचारा, आणि वही जवळ ठेवा.